हालचालींचे विकार आणि बौद्धिक ऱ्हासाचे आत्मभान

कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन विकाराचा रुग्ण तपासणीसाठी येतो तेव्हा हाताचा कंप, चालण्याची गती, स्नायूंचा ताठरपणा हे सारे आपण डोळ्यांनी पाहतो, हातांनी तपासतो. बुद्धीविषयी मात्र बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : ‘स्मरणशक्ती कशी आहे?’ रुग्ण म्हणतो, ‘उत्तम आहे.’ तेवढ्यावर केसपेपरवरील तो रकाना भरला जातो. कंपाची परीक्षा वैद्याने करायची आणि बुद्धीची परीक्षा रुग्णाने स्वतःच घेऊन तिचा निकाल वैद्याला कळवायचा, असा हा प्रकार आहे. ज्या मेंदूविषयी शंका आहे त्याच मेंदूला परीक्षक नेमणे कितपत योग्य, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय केवळ मेंदूविकारतज्ज्ञांचा नाही. औषधांच्या वेळा पाळणे, बँकेचे व्यवहार, स्कूटर वा मोटार चालवणे, घराच्या कागदपत्रांवर सही करणे या सर्व गोष्टी रुग्णाला स्वतःच्या क्षमतेची कितपत अचूक जाण आहे यावर अवलंबून असतात. म्हणून डॉक्टर बंधुभगिनींबरोबरच समाजातील सर्व वाचक समोर ठेवून हे विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकारावरील आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. त्यात वर्णन केलेले रुग्ण अवघे सहा; त्यांपैकी काही तर त्यांनी रस्त्यात येता-जाताना पाहिलेले. विकाराची व्याख्या करताना त्यांनी रुग्णाची ज्ञानेंद्रिये व बुद्धी अबाधित राहतात, असे नमूद केले. या एका विधानाची छाया वैद्यकावर दीर्घकाळ राहिली. कंपवात हा हातापायांचा रोग, बुद्धीचा नव्हे, असा समज रूढ झाला आणि तो घरोघरी आजही आढळतो.

प्रत्यक्षात कंपवाताच्या रुग्णांत बौद्धिक ऱ्हास ही सामान्य बाब आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. निदानानंतर वीस वर्षे हयात राहिलेल्या रुग्णांपैकी ८३ टक्के जणांना स्मृतिभ्रंश झालेला आढळला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात पहिल्या दहा वर्षांतील धोका पूर्वीच्या अंदाजांपेक्षा कमी असल्याचे दिसून आले, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. तरीही ‘कंपवातात बुद्धीला काही होत नाही’ असे म्हणण्यास आता आधार उरलेला नाही.

दुसरा विकार हंटिंग्टनचा. जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, या आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यातील मानसिक बिघाड त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. या विकाराचे जनुक १९९३ साली सापडले. मातापित्यांपैकी एकास विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता पन्नास टक्के असते.

तिसरा धागा आत्मभानाच्या अभ्यासाचा. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ साली अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांचे डावे अंग लुळे पडलेले होते आणि तरीही त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. या अवस्थेला त्यांनी ‘अ‍ॅनोसोग्नोझिया’ हे नाव दिले. ग्रीक मुळाशी जाऊन त्याचा अर्थ लावायचा तर ‘रोगाचे ज्ञान नसणे’ असा होईल. आपण त्यास ‘रोगाचे अभान’ म्हणू. पुढे हीच संकल्पना स्मृतिभ्रंश व हालचालींचे विकार यांनाही लावण्यात आली.

आत्मभान घडते कसे?

स्वतःची चूक स्वतःला कळणे ही वरवर सोपी वाटणारी गोष्ट आहे. परंतु तिच्यामागे किमान चार पायऱ्या असतात. पहिली, चूक घडली त्या क्षणी तिच्याकडे लक्ष जाणे. दुसरी, ती लक्षात राहणे. तिसरी, ‘पूर्वी मी हे सहज करीत असे’ या स्वतःच्या जुन्या चित्राशी तिची तुलना होणे. चौथी, त्या तुलनेनुसार स्वतःचे चित्र बदलणे. यांपैकी कोणतीही पायरी ढासळली तरी माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकतो की, मला काही झालेले नाही. तो खोटे बोलत नसतो. त्याच्याजवळ असलेले स्वतःचे चित्र दहा वर्षांपूर्वीचे असते आणि त्यात दुरुस्ती करणारी यंत्रणाच बंद पडलेली असते.

या यंत्रणेत मेंदूच्या कपाळामागील भागाचा, म्हणजे प्रीफ्रंटल बाह्यकाचा, आणि मेंदूच्या खोलवर असलेल्या स्ट्रायटम या केंद्राशी असलेल्या त्याच्या जोडण्यांचा मोठा वाटा असतो. हालचालींच्या विकारांत नेमक्या याच जोडण्या बाधित होतात. म्हणजे जो रोग बुद्धीला क्षीण करतो तोच त्या क्षीणतेची वार्ता पोहोचवणारी वाटही तोडू शकतो.

यात आणखी एक बारकावा आहे. आत्मभान हे अखंड नसते. एखाद्या रुग्णाला आपल्या कंपाची पूर्ण जाणीव असते, पण हिशेबातील चुकांची नसते. म्हणून ‘यांना आपल्या आजाराची कल्पना आहे’ असा एकच शेरा पुरेसा ठरत नाही. कोणत्या गोष्टीची कल्पना आहे आणि कोणत्या गोष्टीची नाही, हे वेगवेगळे नोंदवावे लागते.

कंपवातातील चित्र

कंपवातात डोपामिनची उणीव प्रथम स्ट्रायटमच्या हालचालींशी संबंधित भागात अधिक जाणवते. विचार व नियोजन यांच्याशी निगडित भाग तुलनेने उशिरा बाधित होतो. त्यामुळे सुरुवातीच्या काळात बहुतेक रुग्णांचे आत्मभान चांगले असते. किंबहुना काही रुग्ण गरजेपेक्षा अधिक तक्रार करतात. ‘डोके चालत नाही, सगळे विसरतो’ असे सांगणाऱ्या रुग्णाची चाचणी घेतली तर ती उत्तम निघते. मात्र बारकाईने विचारल्यास नैराश्य वा चिंता आढळते. कंपवातात नैराश्य वारंवार आढळते आणि खिन्न मन स्वतःची प्रत्येक चूक मोठी करून पाहते. तथापि अशी तक्रार उडवून लावणेही बरोबर नाही. काही रुग्णांत ती पुढे येणाऱ्या ऱ्हासाची पहिली चाहूल असते.

पुढील टप्प्यात, विशेषतः स्मृतिभ्रंश प्रस्थापित झाल्यावर, पारडे उलटे फिरते. तक्रार कमी होत जाते आणि घरच्यांची चिंता वाढत जाते. सहा महिन्यांपूर्वी ‘विसरायला होते’ म्हणणारा रुग्ण आता ‘काही त्रास नाही’ म्हणू लागला, तर ती सुधारणाच असेल असे समजू नये.

भासांच्या बाबतीतही असाच क्रम दिसतो. आरंभी रुग्णाला खोलीत कोणी उभे असल्यासारखे वाटते, डोळ्यांच्या कडेने मांजर गेल्यासारखे दिसते. पण हा भास आहे हे त्याला ठाऊक असते. लोक वेडा म्हणतील या भीतीने तो बोलत नाही. पुढे हे भान सुटते आणि अंगणात पाहुणे आले आहेत, त्यांना चहा द्या, असा आग्रह सुरू होतो. भास होतात का, हे विचारणे जसे आवश्यक आहे, तसेच ते भास आहेत हे रुग्णाला कळते का, हे विचारणेही तितकेच आवश्यक आहे.

येथे उलट दिशेची चूकही सांभाळावी लागते. भावशून्य भासणारा चेहरा, पुटपुटल्यासारखा आवाज, उत्तर देण्यास लागणारा विलंब यांमुळे बुद्धी शाबूत असलेला रुग्णही मंद वाटतो. घरचे त्याच्या वतीने बोलू लागतात, डॉक्टरही त्याला सोडून मुलाशी बोलतात. हा अन्याय आहे. वेळ दिला तर असा रुग्ण स्वतःविषयी नेमके सांगतो.

हंटिंग्टन विकारातील चित्र

हंटिंग्टन विकारात स्ट्रायटमचा कॉडेट हा भाग लवकर बाधित होतो आणि तो प्रीफ्रंटल भागाशी घट्ट जोडलेला असतो. म्हणून येथे रोगाचे अभान अधिक लवकर आणि अधिक ठळकपणे दिसते. समोर बसलेल्या रुग्णाचे हात-खांदे सारखे हलत असतात आणि तो मात्र आपल्याला अशा हालचाली होत नाहीत, असे सांगतो. ‘हातून वस्तू पडतात, कपबशा फुटतात’ हे तो मान्य करतो. परिणाम त्याला दिसतो, हालचाल जाणवत नाही.

लिओनोर वेक्सलर यांची हकीकत या संदर्भात मननीय आहे. अमेरिकेतील या विदुषींनी जीवशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले होते. त्यांचे वडील व भाऊ याच विकाराने ग्रस्त होते, त्यामुळे लक्षणे त्यांना अपरिचित नव्हती. १९६८ साली लॉस एंजेलिस येथे सकाळच्या वेळी रस्ता ओलांडत असताना एका पोलिसाने त्यांना, इतक्या सकाळी मद्यपान केलेत काय, अशा अर्थाने हटकले. आपली चाल डळमळते आहे हे त्यांच्या ध्यानात आले ते तेव्हा. पुढे त्यांच्या कन्या नॅन्सी वेक्सलर यांनी व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्या अभ्यासाचा जनुकाच्या शोधात मोलाचा वाटा होता. २०२० साली नॅन्सी यांनी स्वतःलाही हा विकार असल्याचे जाहीर केले. लिओनोर यांच्या अनुभवावरून एवढा बोध निश्चित घेता येतो की, शिक्षण, बुद्धिमत्ता किंवा रोगाची माहिती यांपैकी कशामुळेही आत्मभानाची हमी मिळत नाही.

बौद्धिक क्षमतेबाबतही हेच आढळते. केंब्रिज येथील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, हंटिंग्टनचे रुग्ण नियोजन व आत्मनियंत्रण यांतील स्वतःच्या अडचणी कमी लेखतात, परंतु आपल्या काळजीवाहू व्यक्तीचे मूल्यमापन मात्र ठीक करतात. म्हणजे पारख करण्याची शक्ती समूळ गेलेली नसते. ती स्वतःकडे वळत नाही, एवढेच.

नाकबुली आणि अभान

घरी बहुधा एकच शब्द वापरला जातो : ‘हट्टीपणा’. वस्तुतः येथे दोन भिन्न अवस्था असतात. नाकबुलीत रुग्णाला आतून सत्य ठाऊक असते, पण ते सोसवत नाही. विषय निघाला की तो अस्वस्थ होतो, टाळतो, चिडतो. विश्वास वाटला की एखाद्या निवांत क्षणी मान्यही करतो. अभानात अशी अस्वस्थता सहसा नसते. रुग्ण शांतपणे, काहीशा आश्चर्याने विचारतो, ‘तुम्ही सगळे असे का म्हणता?’ पुरावा दाखवला तर तो तेवढ्यापुरता मान्य करतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्याच ठिकाणी येतो. नाकबुलीला धीर आणि वेळ हे औषध आहे. अभानाला वादाचा उपयोग नाही. तेथे भोवतालची व्यवस्था बदलावी लागते. अनेकदा या दोन्ही अवस्था एकाच रुग्णात मिसळलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावे.

डॉक्टरांसाठी : तीन साक्षी

कंपवातातील सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे २०१२ सालचे आंतरराष्ट्रीय निकष या दृष्टीने मार्गदर्शक आहेत. ऱ्हासाची नोंद रुग्णाकडून, माहीतगार नातलगाकडून किंवा तपासणाऱ्या वैद्याच्या निरीक्षणातून, यांपैकी कोठूनही झालेली चालते. रुग्णाने स्वतः तक्रार करणे ही अट नाही. व्यवहारात तीन साक्षी घ्याव्यात.

१. रुग्णाची साक्ष : ‘स्मरणशक्ती कशी आहे?’ याऐवजी ठोस प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात विजेचे बिल कोणी भरले? औषधांच्या गोळ्या कोण काढून ठेवते? वर्तमानपत्रातील बातमी शेवटपर्यंत वाचून होते का? पूर्वी जमत असलेले कोणते काम आता सोडून दिले, आणि का?

२. नातलगाची साक्ष : हेच प्रश्न, शक्यतो रुग्णाची संमती घेऊन, स्वतंत्रपणे विचारावेत. रुग्णासमोर पत्नी ‘सगळे ठीक आहे’ म्हणते आणि दाराशी थांबून खरे सांगते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मात्र नातलगाची साक्षही अंतिम नव्हे. थकलेली, खचलेली काळजीवाहू व्यक्ती ऱ्हास वाढवून सांगू शकते. उलट पुण्याला, बेंगळुरूला वा परदेशी असलेला मुलगा रविवारच्या फोनवर पाच मिनिटे बोलून ‘बाबा अगदी पूर्वीसारखे आहेत’ असे सांगू शकतो. म्हणून रोज सोबत राहणारी व्यक्ती कोण, हे आधी विचारावे.

३. चाचणीची साक्ष : १९७५ पासून प्रचलित असलेली एमएमएसई ही चाचणी नियोजनशक्तीतील दोष पकडण्यात तोकडी पडते, कंपवातात नेमके तेच दोष आधी उद्भवतात. २००५ साली प्रसिद्ध झालेली तीस गुणांची मॉन्ट्रियल चाचणी, म्हणजे मोका, येथे अधिक उपयुक्त ठरते. औषधाचा प्रभाव चांगला असतानाच चाचणी घ्यावी. थरथरत्या हाताने काढलेल्या घड्याळाचे चित्र पाहताना आकडे व काटे यांची मांडणी पाहावी, रेषेचा सुबकपणा नव्हे.

आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात स्थायिक झालेल्या समाजात भाषेचाही विचार करावा लागतो. घरात मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत इंग्रजी असे ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना शंभरातून सात वजा करण्यास कोणत्या भाषेत सांगावे? ज्या भाषेत ते मनातल्या मनात हिशेब करतात त्या भाषेत, हे त्याचे उत्तर. पुढील वर्षी चाचणी घेताना तीच भाषा कायम ठेवावी. अन्यथा भाषेतील फरक ऱ्हास म्हणून नोंदला जाईल.

या तिन्ही साक्षी जुळल्या तर प्रश्न नाही. जुळल्या नाहीत तर ती विसंगती हीच महत्त्वाची माहिती असते. चाचणी चांगली पण तक्रार मोठी, तर नैराश्य शोधावे. चाचणी खालावलेली, नातलग चिंतित, पण रुग्ण निश्चिंत, तर अभानाचा विचार करावा.

ऱ्हास आढळल्यास औषधांची यादी प्रथम तपासावी. कंपासाठी वर्षानुवर्षे चालू असलेले ट्रायहेक्सिफेनिडिल, झोपेच्या गोळ्या, लघवीवरील नियंत्रणासाठीची काही औषधे बुद्धी मंदावतात. ती एकदम बंद न करता हळूहळू कमी करावीत. दीर्घकाळ लेव्होडोपा घेणाऱ्यांत, त्यातही शाकाहारी व्यक्तींत, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव पाहावी. थायरॉइड, सोडियम, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग विसरू नये. कंपवातातील स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिन या औषधाचा उपयोग २००४ सालच्या मोठ्या चाचणीत दिसून आला. लाभ माफक आहे, मळमळ व कंप वाढण्याची शक्यता असते. हंटिंग्टनच्या बौद्धिक ऱ्हासावर असे सिद्ध औषध अद्याप नाही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवण्यापूर्वी तर रीतसर बौद्धिक तपासणी अनिवार्य आहे. तेथे रुग्णाच्या ‘उत्तम’ या शब्दावर विसंबणे धोक्याचे ठरते.

कुटुंबीयांसाठी

समजा, सत्तरी ओलांडलेले वडील गोळी घेतल्याचे विसरून दुसऱ्यांदा घेतात आणि विचारले तर ‘मी घेतलीच नाही’ असे ठामपणे सांगतात. ‘बाबा, तुम्हाला काही आठवत नाही हो’ असे म्हटल्याने त्यांचा मान जातो आणि पदरी काही पडत नाही. ‘बाबा, डॉक्टरांनी सगळ्यांनाच हा वारांचा डबा वापरायला सांगितला आहे, आपण तो वापरून पाहू’ असे म्हटले तर काम होते. वादात जिंकण्यापेक्षा चूक घडण्याची संधी कमी करणे महत्त्वाचे. बँकेतील मोठ्या रकमेसाठी दोघांच्या सह्या, दाराशी ठळक दिनदर्शिका, स्कूटरऐवजी सोबतीने फिरणे हे बदल हळूहळू आणि शक्य तेथे त्यांना विचारून करावेत. चारचौघांत, विशेषतः नातवंडांसमोर, चुका मोजून दाखवू नयेत. सून, मुलगी वा पत्नी यांपैकी जिच्यावर काळजीचा भार आहे तिच्या थकव्याचीही विचारपूस व्हावी.

डोपामिन-सदृश काही औषधांमुळे जुगार, अनावर खरेदी यांसारख्या प्रवृत्ती निर्माण होऊ शकतात आणि रुग्णाला त्यात वावगे काही वाटत नाही. अशा वेळी संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. हा चारित्र्याचा दोष नसून बहुधा औषधाचा परिणाम असतो.

भान आहे तोवर

आत्मभान शाबूत असण्याचा काळ मौल्यवान असतो, कारण तो मर्यादित असू शकतो. अनेक कुटुंबे समजतात की एकदा मुखत्यारपत्र करून ठेवले की चिंता मिटली. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी निर्णयक्षम राहिली नाही की साधे मुखत्यारपत्र संपुष्टात येते, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळीच ते निरुपयोगी ठरते. मृत्युपत्रासाठीही करणारी व्यक्ती ते करताना सुज्ञ अवस्थेत असणे, हे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे आवश्यक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये प्रत्येक प्रौढ व्यक्तीस आपल्या भावी मानसोपचारांविषयी आगाऊ सूचना लिहून ठेवता येते आणि प्रतिनिधी नेमता येतो. हे सारे, वकिलाचा सल्ला घेऊन, रुग्ण स्वतः विचार करून बोलू शकतो तेव्हाच झाले पाहिजे. निदान झाल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत डॉक्टरांनीच हा विषय सौम्यपणे काढावा. ‘तुमची इच्छा काय आहे, हे आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायचे आहे,’ एवढे म्हटले तरी पुरते.

पुढे कधी भान सुटले तर हाच लिहून ठेवलेला शब्द रुग्णाच्या वतीने बोलेल आणि त्याच्या मागे भावंडांत वाद होणार नाहीत. ‘स्मरणशक्ती कशी आहे?’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर अवश्य लिहावे. पण ते एका साक्षीदाराचे म्हणणे आहे हे विसरू नये, आणि दुसऱ्या दोन साक्षी घेतल्याशिवाय तो रकाना पूर्ण झाला असे मानू नये.